माशांच्या नावाच्या पट्ट्या

चांगली बातमी आली की आमच्या सरांचा चेहरा पडायचा.

वाईट बातमीला ते कधी घाबरले नाहीत. एक्स्ट्रूडरचा स्क्रू अडकला, ड्रायर बंद पडला, गिऱ्हाइकानं माल परत पाठवला, की सर खुर्चीत ताठ बसायचे, चष्मा पुसायचे आणि पाहुणे येणार हे आधीच ठाऊक असल्यासारखे म्हणायचे, "आला का? येऊ दे." पण टेस्टचा आकडा अपेक्षेपेक्षा बरा आला, की मेलं संपलंच. कागद उजेडाकडे धरून पाहायचे, उलटा करून पाहायचे, मग माझ्याकडे पाहायचे.

"बाय, हा आकडा कुणी आणला?"

"मशीननं, सर."

"आणि मशीनला कुणी सांगितला?"

यावर काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मी डोंबिवलीची. आमच्याकडे असं कुणी विचारलं तर आम्ही सरळ तोंडावर विचारतो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण हे माझे साहेब. वयानं मोठे, रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य मस्कतात काढलेले. आवाज कधी चढत नसे. ते 'बाय' म्हणायचे ना, त्यात इतकी माया असायची की त्याच वाक्यात ते आपल्याला लबाड ठरवताहेत हे लक्षात यायला वेळ लागायचा.

मस्कतजवळ रुसैलला आमचा कारखाना. आम्ही वस्तू कमी बनवतो, वस्तू बनवणाऱ्यांसाठी प्लास्टिकचे दाणे जास्त बनवतो, तेही पॉलिएस्टरचे. पॉलिएस्टर म्हटलं की लोकांना साडी आठवते, पण त्याच घराण्यातलं प्लास्टिकही असतं. दिसायला देखणं, ताकदीला चांगलं, उन्हातान्हात टिकणारं. खोड एकच. अंगावर बारीकशी खाच पडली, आणि वरून दणका बसला, की त्या खाचेपासून जे फाटतं ते आरपार. म्हणून त्यात इलॅस्टोमर मिसळायचं, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं काहीतरी. कारखान्यात सगळे त्याला नुसतं 'रबर' म्हणतात. कडक पॉलिएस्टरमध्ये मऊ रबराचे अगदी बारीक कण पसरले, की दणका ते पोटात घेतात आणि तडा पुढे सरकत नाही.

मी नवीन होते तेव्हा सरांनी मला हे गाडीत समजावलं होतं. आम्ही दोघेही माबेल्याला राहायचो, म्हणून मी त्यांच्याच गाडीतून जायचे-यायचे.

"कडक माणसाच्या घरात एक तरी मऊ माणूस लागतो, बाय. नायतर घर तडकतं. पण मऊ माणसानं घरात मिसळलं पायजे. सगळ्यांचा हात धरला पायजे. कोपऱ्यात गठ्ठा करून बसला, तर असून नसल्यासारखा. रबराचं तेच. काही रबर पॉलिएस्टरचा हात धरतं, काही नुसतं आत जाऊन बसतं. दाणे बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून मी कुणाच्या दिसण्यावर जात नाय."

दिसण्यावर जायचे नाहीत, बोलण्यावर जायचे नाहीत, शपथेवर तर मुळीच जायचे नाहीत. मालवाला फोनवर "माल गुरुवारी, इन्शाल्ला" म्हणाला, की फोन ठेवून पुटपुटायचे, "उशीर हा करणार आणि नाव अल्लाचं घालणार." गाडीत बसलं की माझ्या सीटबेल्टचं बक्कल स्वतः ओढून बघायचे. मी एकदा म्हटलं, "सर, मी लावलंय की नीट." तर म्हणाले, "तू नीट लावलंयस. बक्कल कसल्या प्लास्टिकचं हाय ते ना तुला ठाऊक, ना मला." रोज घरी जायचा रस्ता वेगळा. पार्किंगमध्ये गाडी कायम तोंड बाहेर करून. चहा स्वतःच्या थर्मासमधला, तोही ड्रॉवरमध्ये कुलपात. नव्या मालाची गोणी आली की चार दाणे तळहातावर घेऊन हुंगायचे, एक दाणा दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. पॅन्ट्रीतला केरळी पोरगा मला विचारायचा, "मॅडम, सार लंच करता है क्या?"

आणि त्यांचे मासे.

चिवटपणा मोजायची रीत सोपी आहे. मालाच्या छोट्या पट्ट्या बनवायच्या, प्रत्येकीच्या कडेला एका पात्यानं बारीक खाच पाडायची, पट्टी शिकंज्यात उभी करायची आणि लंबकाचा हातोडा सोडायचा. पट्टी तोडायला हातोड्याचा जितका जोर खर्च झाला, तितका माल चिवट. आता कुठलीही प्रयोगशाळा अशा पट्ट्यांना नंबर देईल. सर माशांची नावं द्यायचे. सुरमई, रावस, बांगडा, मांदेली, बोंबील. काळ्या मार्करनं पट्टीवर एक मासा लिहून माझ्यापुढे ठेवायचे. कुठल्या माशात किती रबर, हे फक्त त्यांच्या डोक्यात. का, तर मोजणाऱ्याला आधी कळलं की त्याचा हात आपोआप तिकडे झुकतो, अशी त्यांची खात्री.

"म्हणजे मी खोटं लिहीन?" मी चिडून विचारलं होतं.

"तू कशाला लिहिशील? पण तुझा हात लिहील. हाताचं काय सांगावं."

एवढ्यावरच भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण प्रत्येक घाण्याच्या पट्ट्यांत ते गुपचूप एक चोर ठेवायचे. चोर म्हणजे रबराचा दाणाही न घातलेलं नुसतं पॉलिएस्टर, अंगावर माशाचं नाव. ही पट्टी काचेसारखी तुटलीच पाहिजे. ती चांगली आली तर समजायचं, मोजणारा तरी खोटा नाहीतर मशीन तरी. माझ्या आधी जो मुलगा होता, त्यानं चोराचा वाईट आकडा पाहून 'चुकला असेल' म्हणून जरा सुधारून लिहिला. सर त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो गोदामात गोण्या मोजत होता.

मला हे कळलं तेव्हा तीन रात्री झोप लागली नाही, असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर झोप छान लागली. राग मात्र आला. मग मीही हट्टाला पेटले. चोर ओळखून दाखवायचाच. आणि दाखवायचेही. "सर, आजचा बोंबील फार नाजूक होता हो," असं म्हटलं की ते खिडकीकडे तोंड करून हसायचे. मला वाटतं, तेवढंच एक हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिलं असेल.

असा माणूस लोकांना आवडेल कसा? जो सगळ्यांकडे संशयानं बघतो, त्याच्याकडे सगळे तसंच बघतात. सरांकडे दोन फोन होते, एक फोन ते कधी कुणापुढे उचलायचे नाहीत. पावसाळ्याच्या दिवसांत, म्हणजे आम्ही इथं उन्हात भाजत असताना आणि तिकडे दक्षिण ओमानात सलालाहला धुकं-भुरभुर असताना, ते दरवर्षी एकटे सलालाहला जायचे. हजार किलोमीटर, स्वतः गाडी चालवत. मजा करायला जाणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. आणि जाताना त्यांच्या पिशवीत आमच्याच मालाच्या पट्ट्या असायच्या. एकदा पिशवी माझ्या पायाशी कलंडली तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं.

सलालाहला बंदराजवळ आमच्यासारखाच एक कारखाना उघडतोय, अशी कुजबुज होती. आता दोन आणि दोन चार करायला काय लागतं?

आमचे नवे जीएम लखनौकडचे. सूट, अत्तर, आणि सगळ्या गोष्टी कालच व्हायला हव्या होत्या असा चेहरा. त्यांनी एकदा मला केबिनमध्ये बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "आप उनके साथ आती-जाती हैं. ज़रा ध्यान रखिए. फॉर्म्युला बाहर जा रहा है, ऐसा मुझे लगता है."

मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून गाडीत मीही तिरक्या नजरेनं बघायला लागले. दुसरा फोन वाजला की कान टवकारायचे. सर आरशातून मागच्या गाड्यांकडे बघायचे आणि मी सरांकडे. आमच्या त्या गाडीतली हवा कशी असेल, तुम्हीच कल्पना करा.

त्यातच हेल्मेटची ऑर्डर आली.

बांधकामावर घालतात ती सेफ्टी हेल्मेटं. डोंगरात एका पुलाचं काम चालू होतं, त्या कंत्राटदाराला हवी होती. पॉलिएस्टरमध्ये रबर मिसळून केलेला आमचा माल, शेजारच्या शेडमध्ये मोल्डिंग. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, स्वतः येऊन जीएमशी हात मिळवून गेले. त्या पुलाच्या साइटवर माझा नवरा इंजिनिअर. मी घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वा, म्हणजे आता माझं डोकं तुझ्या हातात!" आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसलो.

जीएमनी या ऑर्डरसाठी रबर नव्या व्यापाऱ्याकडून घेतलं. दाणे तसेच, रंग तोच, कागदपत्रं जास्तच सुंदर. सरांनी चार दाणे हुंगले, एक चावला.

"हे ते नाय."

"कशावरून?" जीएमनी विचारलं.

"वास नाय."

आता असल्या कारणावर कुठला जीएम माल परत पाठवेल? घाणा निघाला. पट्ट्या बनल्या. सरांनी मासे लिहिले, मी खाचा पाडल्या, हातोडा सोडला. आणि काय आकडे आले! एकसे एक. सुरमई उत्तम, रावस उत्तम, मांदेली तर सगळ्यांच्या वर. हेल्मेटांवर वरून वजन टाकायची टेस्टही पास. गुरुवारी दुपारी जीएमनी ओमानी हलव्याचा मोठा डबा उघडला, आणि ट्रक रविवारी सकाळी निघेल असं जाहीर केलं.

सरांनी हलव्याला हात लावला नाही. माझ्या टेबलावरच्या तुटक्या पट्ट्या उचलून ट्यूबलाइटखाली धरल्या. तुटलेला भाग कितीतरी वेळ बघत राहिले. चिवट माल तुटताना ताणला जातो, आणि तुटलेल्या जागी पांढुरका पडतो. या पट्ट्या तिथं लख्ख चमकत होत्या.

"आकडा म्हणतो चिवट," ते माझ्या कानाशी म्हणाले, "आणि तोंड म्हणतं काच. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

मग ते सरळ जीएमपुढे जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या देखत, हलव्याचे चमचे हातात असताना.

"ट्रक थांबवा. मांदेली म्हणजे माझा चोर आहे. नुसतं पॉलिएस्टर, रबराचा दाणा नाही. तीही जर इतकी चिवट आली असेल, तर टेस्टच खोटी आहे."

माझी तर कानशिलं तापली. टेस्ट खोटी म्हणजे कोण खोटं? पट्ट्यांना हात लावणारी मी एकटी!

जीएमचा चेहरा लाल झाला. "मांदेली में क्या है, ये सिर्फ आपको मालूम. अच्छा रिज़ल्ट आया तो आप बोलेंगे वो चोर है, बुरा आया तो बोलेंगे माल खराब है. ये ऑर्डर जाए, ये आप चाहते ही नहीं. क्यों नहीं चाहते, वो भी मैं समझता हूँ. सलालाह में सब ठीक है ना?"

सरांनी हातातल्या तुटक्या पट्ट्या खिशात टाकल्या.

"संडे को ट्रक जाएगा. खलास. उसके बाद आपका सोचते हैं."

घरी जाताना मी गाडीत फुगून बसले होते. सरांनी नेहमीसारखं बक्कल ओढून बघितलं, त्याचाही राग आला. माबेल्याच्या वळणाशी मला राहवलं नाही.

"सर, मांदेली खरंच नुसती होती?"

ते आरशात बघत होते. "का? खोटं वाटतं?"

"वाटतं."

"मग स्वतः करून बघ. माझ्या शब्दावर कशाला राहतेस?"

"बघीनच," मी म्हटलं आणि दार आपटून उतरले.

पण बघणार नव्हते, खरं सांगते. शुक्रवारची सुट्टी. आठवडाभराचे कपडे, मुलीची परीक्षा, आणि वर म्हातारबुवांच्या चक्रमपणाचा हिशेब मी कशाला करू? त्यांना स्वतःची खुर्ची वाचवायचीय, किंवा ही ऑर्डर सलालाहवाल्यांकडे वळवायचीय, असंच मला वाटत होतं. जीएमचं म्हणणं मला नव्वद टक्के पटलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर नवरा जमिनीवर बसलेला. मांडीवर त्याचं जुनं हेल्मेट, हातात मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक. हेल्मेटवर स्वतःचं नाव कोरत होता. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.

"अरे, हे काय?"

"पुसट झालं होतं. अगं, साइटवर सगळे कोरतात. बसमध्ये हेल्मेटांचा ढीग असतो, सगळी पिवळी. मार्करचं नाव घामानं पुसलं जातं. पोरं तर चाकूनं कोरतात, कुणी गावाचं नाव, कुणी बायकोचं. नाही कोरलं तर दुसऱ्याच्या डोक्याचं घालावं लागतं."

मुलगी म्हणाली, "बाबा, पण ते माझं कंपास ब्लंट होणार ना!"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

कोऱ्या हेल्मेटवर वजन टाकून टेस्ट पास झाली होती. पण आपला माणूस हेल्मेट कोरं ठेवतो कुठं? पहिल्याच दिवशी त्यावर खाच पाडतो! आणि खाच पडलेलं पॉलिएस्टर, रबरानं हात धरला नसेल तर, काय करतं हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. त्या साइटवरचा प्रत्येक माणूस रविवारी संध्याकाळी आपल्या हेल्मेटवर आपलं नाव कोरणार होता. माझा नवरासुद्धा.

मी चपला घातल्या. नवऱ्याला म्हटलं, मला रुसैलला सोड, आत्ता. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी? मी म्हटलं, हो, आणि प्रश्न विचारू नकोस.

आता ऐका, मी काय केलं. सरांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून त्यांच्या मांदेलीला मी हातच लावला नाही. गोदामातून पॉलिएस्टरची सीलबंद गोणी काढली. सील स्वतः तोडलं. दाणे स्वतः ड्रायरमध्ये घातले, कारण हा माल ओला राहिला तर आणखीनच ठिसूळ होतो, आणि तो वाळेपर्यंत तिथंच स्टूल टाकून बसले. मोल्डिंगच्या बांगलादेशी ऑपरेटरला पटवलं, "भाई, बस थोड़ा सा." नुसत्या पॉलिएस्टरच्या पट्ट्या बनल्या, रबराचा दाणा नाही, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. खाचा पाडल्या आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्या. जाताना खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणली. हो, मी!

शनिवारी हातोडा सोडला. ज्या पट्टीनं काचेसारखं तुटायला हवं होतं, तिचा आकडा आला उत्तम. अगदी सुरमईसारखा.

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. टेस्ट खोटी होती, माझी टेस्ट. मी खाच पाडायचं पातं काढलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. टोक धारदार हवं, ते गोल झालं होतं. गोल पात्यानं गोल खाच पडते, आणि गोल खाचेतून तडा सुरूच होत नाही. कसलीही पट्टी शूर ठरते. पाकिटातलं नवं पातं बसवलं, पुन्हा खाचा पाडल्या. या वेळी थांबायला सवड नव्हती, लगेच तोडल्या. नुसतं पॉलिएस्टर, टक्. हेल्मेटचा माल, तोही टक्. दोघांत काडीचा फरक नाही. नवं रबर आत जाऊन नुसतं कोपऱ्यात बसलं होतं.

रविवारी सकाळी ट्रक गेटवर उभा होता. मी जीएमपुढे पट्ट्या ठेवल्या, पातं ठेवलं. ते म्हणाले, "लेकिन हेल्मेट टेस्ट तो पास है ना?" मी गेटकडे गेले. ट्रकमधलं एक हेल्मेट काढलं, पर्समधून मुलीचं कर्कटक काढलं आणि नवऱ्याचं नाव कोरलं. तो जसा कोरतो तसंच, खोल. त्यांच्यासमोर वजनाखाली ठेवलं आणि वजन सोडलं.

नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हेल्मेट उभं फाटलं.

मला हुंदकाच फुटला. ऑफिसात मी कधी रडले नव्हते, तिथं सगळ्यांसमोर रडले. जीएमनी फाटकं हेल्मेट उचललं, बघितलं, आणि हळूच म्हणाले, "उतारो. सब उतारो."

सर दाराशी उभे होते. मला वाटलं, आता तरी दोन शब्द कौतुकाचे बोलतील. ते जवळ आले, पातं उचललं, टोक निरखलं.

"झिजलंय का घासलंय?"

"झिजलंच असेल, सर. कोण घासणार?"

"आणि नवीन कुणी दिलं? पाकीट बंद होतं?"

अरे देवा! मी डोळे पुसत हसायलाच लागले.

पातं झिजलं की कुणी घासलं, मला आजही माहीत नाही. मात्र आता ते माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात असतं.

जुन्या व्यापाऱ्याचं रबर परत आलं. हेल्मेटं पुन्हा बनली. या वेळी मी एकेका लॉटमधलं हेल्मेट घेऊन, नाव कोरून, वजनाखाली बघितलं आणि ती टिकली. नवऱ्यानं त्याचं घरी आणून नाव कोरलं, मी बघत बसले. सरांना कुणी सॉरी म्हटलं नाही. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, वय झालं होतं. जीएमनी ते पुढे वाढवलं नाही. निरोपाला केक आला होता. सरांनी तो खाल्ला नाही, हे सांगायलाच नको.

शेवटच्या दिवशी गाडीत मी त्यांना सलालाहचं विचारून टाकलं. आता काय भीती? ते म्हणाले, "माझ्या मावसभावाच्या गच्चीवर पट्ट्या टांगतो. खरीफची, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याची, भुरभुर महिनोन्‌महिने असते तिथं. पाणी पॉलिएस्टरला आतून खातं. कंपनीच्या दमट पेटीत ठेवून बघतात लोक. पेटीवर कोण विश्वास ठेवणार? पेटीला माणसानं सेट केलेलं असतं, पावसाला नाय." आणि दुसरा फोन? दुसरा फोन गावी असलेल्या बायकोसाठी. ती रोज विचारायची, जेवलात का, आणि त्यांना ते कुणापुढे बोलायची लाज वाटायची. एवढंच होतं ते सगळं. या दोन गोष्टींवरून आम्ही माणसाला चोर ठरवून बसलो होतो.

माझ्या बिल्डिंगखाली गाडी थांबली. मला उतरवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "एक मात्र मानलं, सर. त्या मांदेलीनं वाचवलं. तुमचा चोर त्या दिवशी नसता, तर हेल्मेटं गेली असती साइटवर."

ते स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागले.

"मांदेलीत रबर होतं, बाय."

"म्हणजे?"

"जितकं सुरमईत, तितकंच. मी खोटं बोललो. तुटलेल्या तोंडाची चकाकी बघून कोण ट्रक थांबवतो? चोर म्हटलं, तर निदान तू तरी चिडून करून बघशील म्हटलं."

"मग चोर कुठला होता? रावस?"

"चोर नव्हताच. तुझ्या पट्ट्यांत चोर ठेवणं मी सोडून दिलं होतं. झालं वर्ष-दीड वर्ष."

हल्ली नाजूक बोंबील येत नाही ते त्यांनी चोर ठेवणं कमी केलंय म्हणून, असंच मी धरून चालले होते. "का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यातच मला उत्तर कळलं.

आणि मग पुढचं लक्षात आलं. चोर असता, तर पातं बोथट झाल्याबरोबर पहिल्याच टेस्टला पकडलं गेलं असतं. नव्हता, म्हणून ती हेल्मेटं गेटपर्यंत पोचली होती. मी ओरडलेच, "अहो सर, माझा नवरा होता त्या साइटवर! इतकी माणसं होती! तुम्ही, तुम्ही असं कसं केलंत? सगळ्या जगावर संशय घेता, मग माझ्यावरच कशाला विश्वास ठेवलात?"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रागाचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही.

सर समोर बघत होते.

"चुकलो, बाय," ते म्हणाले. "अख्ख्या नोकरीत एकाच माणसावर ठेवला."